दाभणबहाद्दर

दुकानदार सीट कव्हरची किंमत सांगतो, तोवर हे गृहस्थ शांत असतात. ‘फिटिंगचे वेगळे’ असं कानावर पडलं की डोळ्यांत तेज येतं. पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या त्या गर्दीतून, साठीचा माणूस भलामोठा खोका काखोटीला मारून एकटाच निघालेला दिसला, तर समजावं की रविवारी कुठल्यातरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळ आहे.

“त्यात काय अवघड आहे?” हे त्यांचं ब्रीद.

गाडी घेऊन वर्ष उलटलं तरी सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक काढू न देणारे हेच. आतली सीट कापडी, हवा खेळणारी. तिच्यावर आता कृत्रिम चामडं चढवायचं आणि ते खराब होऊ नये म्हणून वर टर्किश टॉवेल अंथरायचा! खोक्यावर ‘नापा लेदर’ छापलेलं असतं; आत बहुधा पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापड निघतं. कॅलिफोर्नियातल्या नापा गावच्या मेंढ्यांना त्याचा पत्ताही नसतो.

रविवारी सकाळी बर्म्युडा, बनियन, कानावर पेन्सिल. हाताशी पकड, पान्हे आणि गोणी शिवायचं दाभण. दाभणाचं काम काय हे कोणी विचारत नाही. शेजारी भाचा, मोबाइलचा टॉर्च धरायला.

पहिला अडसर हेडरेस्ट. बटण दाबूनही ते वर येत नाही. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या दांड्याच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसावी लागते. हे ज्ञान सोसायटीत एकट्या वॉचमनला असतं आणि तो ते अर्धा तास मजा बघून मग देतो. तोवर कव्हर आपोआप उन्हात पडून मऊ झालेलं असतं. बसवणारे कारागीर मुद्दाम ऊन देतात. यांच्याकडून ते चुकून होतं. मग ओढाताण. गॅलरीतून काकूंचा आवाज येतो, “अहो, घरातल्या उशांना आधी अभ्रे घाला!”

कव्हरचे पट्टे पाठ आणि बैठकीच्या फटीतून मागे ओढून खाली हुकांत अडकवायचे असतात. त्या फटीत हात घातला की आधी शेंगांची टरफलं, टोलच्या पावत्या, आणि मग काकूंचं हरवलेलं कानातलं. घरचा विरोध तिथेच मावळतो, आणि इथेच घात होतो. चेव येऊन ते जाहीर करतात, “सीट बाहेरच काढतो!”

हा सगळा आत्मविश्वास मारुती ८००वर कमावलेला. १९८३ साली आलेल्या त्या गाडीची सीट काढायला पान्हा आणि मनगट पुरत असे. आता १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग आणि पुढच्या दोघांना सीटबेल्टची आठवण देणारी घंटी सक्तीची आहे. सीटखाली वायरींचं जाळं असतं. पिवळा जोड म्हणजे एअरबॅग किंवा सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, काही मिनिटं थांबूनच त्याला हात लावायचा. गृहस्थ मात्र थेट जोड सुटा करतात आणि त्याच वेळी भाचा “गाणी लावू का मामा?” म्हणत चावी फिरवतो.

डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो. जोड परत बसवला तरी तो बहुतेकदा विझत नाही. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून नोंद पुसावी लागते. त्याचं बिल फिटिंगच्या मजुरीला मागे टाकतं, पण गृहस्थ ते ‘सर्व्हिसिंग’च्या खात्यात लिहितात. कव्हर मात्र बसतं. एक सुरकुती राहते, तिच्यावर उशी ठेवतात. संध्याकाळी समोरच्या विंगमधल्या नव्या गाडीकडे त्यांची नजर वळते.

ती गाडी तुमची असेल तर त्यांना खुशाल हो म्हणा. माणूस दिलदार आहे, चहाही स्वतःच आणतो. फक्त सीटच्या पाठीला, दाराच्या बाजूला ‘एअरबॅग’ची चिठ्ठी शिवलेली आहे का ते आधी बघा. असेल तर त्या जागी उसवणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या, आणि दाभण घरी ठेवायला सांगा.