ऑन-रोड तात्या

कर्जत म्हटलं की मुंबईच्या माणसाला लोकलचं स्टेशन आठवतं. ते कर्जत रायगडातलं. आमचं कर्जत गोदड महाराजांचं, राशीनच्या देवीचं आणि रेहेकुरीच्या काळविटांचं. गाडीच्या पाटीवर एमएच 16. इथला माणूस नवी चारचाकी ठरवायला नगरला जातो, नाहीतर बारामतीला. जाताना आधार कार्ड, चेकबुक आणि तात्या बरोबर घेतो.

तात्या हा कुणी एक माणूस नव्हे. राशीनला एक असतो, मिरजगावला एक असतो, कर्जतच्या स्टँडवर तर दोन असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. ज्याला ‘गाडीतलं कळतं’ तो तात्या. गाडीतलं म्हणजे इंजिनातलं नव्हे. बॉनेट उघडायचा खटका कुठं असतो हे ते आजही दुसऱ्याला शोधायला लावतात. तात्यांना कळतो तो आकडा. कुणी पारावर ‘गाडी बारा लाखाला बसली’ म्हटलं, की तात्यांचा प्रश्न तयार: “एक्स-शोरूम का ऑन-रोड?” उत्तर काहीही येवो, पुढचं वाक्य ठरलेलं: “वीस हजाराला टोपी घातली तुला. मला न्यायचं होतंस.” हे ते नव्या गाडीवर नारळ फुटायच्या आत सांगतात. पेढे मात्र दोन उचलतात.

तात्यांचा खरा कस लागतो तो बागायतदाराच्या पोराला ‘स्पोर्टी’ गाडी हवी असते तेव्हा. पोरानं मोबाइलवर आय-20 एन लाइन पाहिलेली असते. 998 सीसीचं टर्बो इंजिन, 120 अश्वशक्ती, मागं दोन सायलेन्सरची तोंडं, आत काळ्या सीटवर लाल शिलाई. सेल्समन सांगतो, सस्पेन्शन वेगळं, स्टिअरिंग वेगळं, आवाज वेगळा. तात्या सीटवर बोट फिरवतात आणि विचारतात, “म्हणजे या लाल दोऱ्याचे किती?” पोरगं मान खाली घालतं. बाप खूश होतो. “आन् पळवणार कुठं?” तात्या पोराकडं वळतात. “नोव्हेंबर लागला की दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर पुढं, तू मागं. एकशेवीस घोडे घेऊन पाचट मोजत बसशील.” यात तथ्य आहे, हे गळीत हंगामात राशीन रस्त्यावरून गेलेला कुणीही मान्य करील.

हिशोबात मात्र तात्यांना तोड नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांच्या आत 11 टक्के रोड टॅक्स आणि वर गेलं की 12. दहा लाखांवर आणखी एक टक्का टीसीएस, जो रिटर्न भरल्यावर वळता होतो. म्हणजे किंमत दहाच्या वर थोडीशी जरी सरकली, तरी वीसेक हजार जादा मोजावे लागतात. हे गणित तात्या कागदाशिवाय करतात. चासी नंबर पाहून गाडी यंदाची की गेल्या वर्षी पडून राहिलेली, हेही ओळखतात. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली फियाटची अबार्थ पुंतो 2015 साली 145 अश्वशक्तीसकट 9.95 लाख एक्स-शोरूमला मिळत होती, हे ते हळहळून सांगतात. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. तात्यांनीही नाही.

22 सप्टेंबर 2025 हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी 28 टक्के जीएसटी आणि वर एक टक्का सेस होता. त्या दिवशी तो 18 वर आला. दहा लाखांच्या गाडीत 85 हजारांच्या आसपास फरक पडला. पंतप्रधानांनी पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून सूतोवाच केलं, त्याच संध्याकाळी तात्यांनी स्टँडवर ‘कुणीही बुकिंग करू नका’ असा आदेश काढला. घटस्थापनेला भाव उतरले. राशीनला देवीच्या दर्शनाला आलेली माणसं तात्यांच्या पाया पडली नाहीत एवढंच. श्रेय दिल्लीला गेलं नाही.

तात्यांच्या वडिलांच्या पिढीला हे सुख नव्हतं. आकुर्डीच्या चेतक स्कूटरला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लवकर हवी तर ज्याचा नंबर लागलाय त्याला ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, द्यायचे. कुर्ल्याच्या पद्मिनी मोटारीचीही तीच तऱ्हा. अमेरिकेत आजही होंडाच्या सिव्हिक टाइप-आरसारख्या गाडीवर डीलर कंपनीच्या भावावर हजारो डॉलर चढवून तशी चिठ्ठी उघड काचेला लावतो. आपल्याकडं चिठ्ठी लावत नाहीत. कोटेशनमध्ये वाटून टाकतात.

आणि इथंच तात्यांचा पराक्रम नीट बघण्यासारखा असतो. समजा, पहिल्या कागदावर अॅक्सेसरीज 32 हजार, विमा 58 हजार, हँडलिंग, कोटिंग, वाढीव वॉरंटी असं सगळं येतं. तात्या चष्मा लावतात, लाल पेन मागतात. “हँडलिंग? कुणी कुणाला हँडल केलं?” रेघ. “कोटिंग? आमची गाडी धुरळ्यातच ऱ्हाणार.” रेघ. सेल्समन कपाळावरचा घाम पुसतो, ‘मॅनेजरला विचारून येतो’ म्हणून आत जातो आणि चहा पिऊन येतो. दुसऱ्या कागदावर चाळीस हजार कमी झालेले असतात. वर रबरी मॅट, मडफ्लॅप आणि बॉडी कव्हर फुकट. बाप तात्यांकडं कृतज्ञतेनं पाहतो.

चाळीस हजार कमी व्हावेत म्हणूनच ते लिहिलेले होते, हे त्या दालनात फक्त सेल्समनला माहीत असतं. तात्यांना बिल कमी नको असतं, कमी ‘केलेलं’ हवं असतं. आणि हे ओळखणारा सेल्समन त्यांना दारापर्यंत सोडायला येतो. विजयाच्या भरात बाप म्हणतो, “एवढं वाचलंच आहे तर वरचं मॉडेल बघू की.” मधलं मॉडेल घ्यायला गेलेलं कुटुंब सनरूफसकट परत येतं. लाल दोरासुद्धा येतो.

तात्या यात एक रुपयाही कमिशन घेत नाहीत. परतीच्या वाटेवर मटण-भाकरी, आणि पुढं सहा महिने स्टँडवर ‘तात्यांनी चाळीस पाडले’ ही कीर्ती. त्यांचा राग फक्त एका गाडीवर आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय 2025 मध्ये 53 लाखांना आली, पहिल्या खेपेला मोजक्या 150 आणल्या आणि हातोहात गेल्या. “घासाघीस न करता गाडी घेतात ती माणसं का काय?”

तेव्हा नवी गाडी घेणार असाल तर विमा बाहेरून घ्यायचा हक्क तुमचा आहे, अॅक्सेसरीजची सक्ती कुणी करू शकत नाही आणि प्रत्येक आकडा लेखी मागा. मॉडेल घरूनच ठरवून जा. तात्यांना न्यायचंच असेल, तर मटणाचा खर्च ऑन-रोडमध्ये धरा.