पिरॅमिडचं शीर्षासन

माळव्यातल्या सांवेरचा मारुती पाताळविजयी. डोकं खाली करून विराजमान. तिथे आहाराचा पिरॅमिडही उलटा असला, तर तो क्षेत्रमहिमाच मानावा: तळाशी शेव, टोकाला चिमूटभर दुधी. आहारतज्ज्ञ म्हणतात, नवी भाजी पोरापुढे दहा-पंधरा वेळा, बळजबरी न करता ठेवावी आणि आपणही सोबत खावी. एवढी तपश्चर्या कशाला? माळव्यात पोह्यांपासून दह्यापर्यंत कशावरही शेव पेरली की पोर पहिल्या घासात ‘सगळं’ खातं. मीठ-तेलाचा आक्षेप गैरलागू. बेसन डाळीचंच, म्हणजे प्रथिनं आलीच. शेव-टमाटर भाजीत गणली जातेच, आता टमाटर वगळणं तेवढं बाकी. प्रश्न सुटलाच आहे. फक्त बाबांनी ताटाच्या कडेला सारलेली कारली पोराने मोजू नयेत.