आप्पांचा पैसे भरलेला रेडिओ

"अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. कपडे नंतर वाळत घाला. कोपऱ्यावरच्या आप्पांचं कळलं का?"

"का हो, पडले-बिडले की काय?"

"पडतायत कसले! रेडिओ घेतलाय त्यांनी. मोबाइलवरचा. दर महिन्याला पैसे भरून."

"रेडिओला पैसे? आकाशवाणी कधीपासून पैसे मागायला लागली?"

"आकाशवाणी नाही मागत, मधला अ‍ॅपवाला मागतो. नातू सुट्टीला आला होता ना, त्याने घालून दिलं. आजोबा, जाहिराती नको असतील तर पैसे भरा म्हणाला. आप्पांनी भरले. दुसऱ्या दिवशी हौसेने विविध भारती लावली, तर पहिलं गाणं संपतंय न संपतंय तोच जाहिरात! असे तापले म्हणता! चहा गार झाला, पण नातवाचा फोन सोडला नाही."

"बरोबरच आहे की त्यांचं. पैसे मोजलेत."

"पैसे मोजले ते अ‍ॅपवाल्याच्या जाहिराती घालवायला. सुरू करताना मध्येच येतात ना, त्या गेल्या. स्टेशनवरून जो आवाज येतो त्यातच मिसळलेल्या जाहिराती तो बापडा कशा गाळणार? आणि विविध भारतीवर जाहिराती काय आजच्या आहेत? १९६७ साली सुरू झाल्या, त्याही मुंबई, पुणे आणि नागपूर याच केंद्रांवर. म्हणजे आपल्या पुण्यातून सुरुवात झाली आणि आमचे आप्पा आत्ता चिडतायत!"

वहिनींना हसू आवरेना. मग म्हणाल्या, "तरीच काल सकाळी काहीतरी गडबड वाटत होती. एकच गाणं दोनदा ऐकू येत होतं."

"तीच तर खरी गंमत! त्यांच्या शेजारच्या मावशींच्या ओट्यावर ट्रान्झिस्टर, आप्पांच्या खिडकीत मोबाइल, आणि दोन्हीकडे स्टेशन एकच. मावशींकडे निवेदिका पुढच्या गाण्याचं नाव सांगतेय, तरी आप्पांकडे मागचं कडवं चालूच. आप्पा कुंपणापाशी येऊन मावशींना सांगतात, तुमचा रेडिओ पुढे पळतोय, दाखवून आणा कुठेतरी."

"आणि मावशी?"

"मावशी कुठल्या ऐकून घेतायत! म्हणाल्या, माझा रेडिओ तुमच्या लग्नाआधीपासून वेळेवर आहे. आणि वहिनी, खरं त्यांचंच. ट्रान्झिस्टर हवेतून थेट पकडतो. मोबाइलसाठी आवाजाचे आधी काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते इंटरनेटवरून येतात, फोन त्यातले दोन-चार शिलकीत ठेवतो आणि मग वाजवायला घेतो. रेंज गेली तर मध्येच बंद पडू नये म्हणून ही बेगमी. त्यात पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धं मिनिटही जातं. मोबाइलवरच्या टोल्यांवर घड्याळ लावलं तर बस चुकायची."

"मग दहा मिनिटांनी आपोआप बंद का पडतो त्यांचा? तेही ओरडत होते."

"तो फोनचा शहाणपणा. पडदा काळा झाला की बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपची बॅटरीची बंधनं काढायची, झालं. नेट संपेल ही भीती मात्र उगाच. साधा चौसष्ट केबीपीएसचा आवाज तासाला जेमतेम तीस एमबी खातो. आपण सकाळी एकमेकींना फुलांचे व्हिडिओ पाठवतो, त्याहून कमीच!"

"पण काही म्हणा, रेडिओला पैसे हे काही नवीन नाही. आमच्या मामंजींकडे लायसन्सचं पुस्तक होतं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे. तपासनीस येणार म्हटलं की ज्यांनी भरले नाहीत ते रेडिओवर चादर टाकायचे."

"ते लायसन्स ऐंशीच्या दशकात गेलं. आणि त्यानंतरचा वर्ल्डस्पेस आठवतो? उपग्रहावरचा. त्याचा आशियाचा उपग्रह २००० साली वर गेला. चपटी अँटेना आग्नेयेकडे तोंड करून ठेवायची, मध्ये झाड नको की इमारत नको. ज्यांच्या खिडक्या पश्चिमेला, त्यांनी गच्चीवर जाऊन ऐकावं! पण शास्त्रीय संगीताला गंधर्व नावाचं वेगळं चॅनेल होतं, जुन्या हिंदी गाण्यांना फरिश्ता. ए. आर. रहमानने त्यांची धून केली होती. बहुतेक ग्राहक भारतातलेच. तरी अमेरिकेतली मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २००९ च्या ३१ डिसेंबरला इथलं प्रक्षेपण थांबलं."

"अगंबाई! आणि आप्पांना तरी शास्त्रीयच हवं असतं की."

"मग त्यासाठी पैसे कशाला? रागम् आहे ना आकाशवाणीचं. २०१६ च्या २६ जानेवारीला सुरू झालं, चोवीस तास शास्त्रीय, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. प्रसार भारतीच्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर फुकट ऐकायला मिळतं. आप्पा अ‍ॅपवाल्याला पैसे देऊन आकाशवाणीच ऐकतायत. परदेशातली स्टेशनं किंवा रेकॉर्डिंग हवं असेल, तर भरावेत खुशाल. पण विविध भारतीसाठी? मला तरी पटत नाही."

"सांगायचं मग त्यांना."

"मी? नातवाने केलंय ते. नातवाविरुद्ध त्यांच्यासमोर बोलायची आपली प्राज्ञा नाही. शिवाय त्या पोराने ऑटोपे लावून दिलंय. दर महिन्याला पैसे परस्पर कापले जातात. बँकेचा मेसेज एक दिवस आधी येतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा. पण आप्पा मेसेज वाचतात कुठे! आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तरी पैसे जायचे थांबत नाहीत हो. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे असं लिहिलेलं असतं, तिथे यादी दिसते. नको ते तिथूनच बंद करावं लागतं."

"थांबा. आमच्या ह्यांनी पण क्रिकेट बघायला असंच काहीतरी घेतलं होतं. वर्ल्ड कपच्या वेळी."

"गेल्या?"

"नाही हो, त्याच्या आधीच्या."

"मग आज संध्याकाळी भाऊजींचा मोबाइल घेऊन इकडेच या. यादीत काय काय निघतं ते बघू. आणि चष्मा आणायला विसरू नका, अक्षरं बारीक असतात."