दाजींचं बत्तीस बोअर

आमच्या कडेगाव-विटा पट्ट्यातला गडी गलाईच्या धंद्यात पडला की आधी मुलूख सोडतो. सोनं-चांदी गाळायचा, शुद्ध करायचा हा धंदा घेऊन आमच्याकडची माणसं पार पंजाबपासून केरळपर्यंत पांगली आहेत. कुठल्याही शहरात सराफकट्ट्यामागच्या बोळात शिरा, भट्टीपुढं बसलेला माणूस "कुठलं गाव म्हणायचं पावनं?" असं अस्सल आमच्या बोलीत विचारील. मग उमर झाली की तो दुकान पोराच्या हवाली करून गावाकडं येतो, बंगला बांधतो, बंगल्यावर आईचं नाव घालतो आणि नगरपंचायतीला आपण उभे राहणार नाही हे कुणी न विचारता सगळ्यांना सांगत फिरतो. आमच्या दाजींनी हे सगळं रीतसर केलंच, वर आणखी एक केलं. येताना उत्तर प्रदेशातून रिव्हॉल्व्हर आणलं. परवान्यासकट.

तिकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. केंद्रीय गृहखात्याच्या २०१६ अखेरच्या आकड्यांत देशभर सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्रपरवाने होते आणि त्यातले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राला मिळून ८४ हजार. म्हणजे तिकडं ज्याच्या कमरेला काही नाही त्याच्याकडं लोक वळून बघत असणार. दाजींना सोनं घेऊन रात्रीअपरात्री ये-जा करावी लागे, तेव्हा कारणही खरं होतं. माल कानपूरच्या सरकारी कारखान्यातला, बत्तीस बोअरचा, सहा गोळ्यांचा. नऊ एमएम वगैरे सिनेमातली नावं साध्या नागरिकाला मिळत नाहीत, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. दाजी हे सांगताना आवाज असा खाली आणतात की समोरच्याला वाटावं, यांना ती देऊ केली होती, यांनीच नाही म्हटलं.

आमच्या गावच्या मोहरमचे उंच ताबूत सगळ्या मुलखाला माहीत आहेत. ते बांधतानाची तऱ्हा अशी, की कळस आधी होतो आणि पाया शेवटी. दाजी त्याच गावचे. परवाना हातात पडायच्या आधी त्यांनी कातडी म्यान घेतलं, म्यानासाठी पट्टा घेतला, पट्टा झाकायला जाकीट शिवलं. हत्यार सगळ्यात शेवटी आलं.

आता मुद्द्यावर येतो. हे हत्यार घराच्या रक्षणासाठी आहे असा आमच्या पाहुण्यारावळ्यांत समज आहे. मी दाजींच्या घरी वरचेवर जातो आणि माझ्या डोळ्यांना उलटंच दिसतं. घर त्याची राखण करतं. माणसंही करतात. नियमाप्रमाणं ते कुलपाबंद ठेवायचं, म्हणून दाजींनी लोखंडी तिजोरी आणून भिंतीत बसवली. तिजोरी आली म्हणून त्या खोलीला जाळीचा दरवाजा आला. दरवाजा आला तशी गावात बोलवा झाली की दाजींनी बरंच सोनं आणलेलं दिसतंय. बोलवा झाली म्हणून कॅमेरे आले. आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, मंगळसूत्र आणि पाटल्या मात्र डाळीच्या डब्यात असतात. तिजोरीत जागा नाही.

दाजी गेल्या काही वर्षांत पंढरपूरलाही मुक्कामाला गेलेले नाहीत. "घरात वस्तू हाय," म्हणतात. लग्नाला जातात, पण वस्तू नेत नाहीत, कारण लग्नात-मिरवणुकीत हौसेनं बार काढला तर २०१९च्या दुरुस्तीपासून २ वर्षांपर्यंत कैद, नाहीतर १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हे कलम त्यांना तोंडपाठ आहे. अक्षता पडल्या रे पडल्या की पहिल्या पंगतीला बसतात आणि वस्तू एकटी आहे म्हणून घाईनं परततात. त्यांची म्हातारी चुलती एकदा तिजोरीसमोर उभी राहून बराच वेळ ती कुलपं बघत होती. आमच्या मुलखात हत्यारांची आठवण म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारची. १९४३ सालच्या ७ जूनला शेणोलीजवळ त्याच्या तुफान सेनेच्या पोरांनी रेल्वेची पगारगाडी अडवून लुटली, तेव्हा त्यांच्या हातांत काठ्या आणि कोयतेच जास्त. म्हातारीनं ते सगळं बापाच्या तोंडून ऐकलेलं. "सरकारची गाडी लुटली तवा एवढी कुलपं लागली न्हाईत बाबा," एवढंच म्हणाली आणि शेंगा फोडायला बसली.

मलाही एकदा हुक्की आली होती, सांगायला हरकत नाही. आजूबाजूच्या वस्त्यांवर चोऱ्यांचा बोभाटा झाला होता आणि रात्री कुत्रं भुंकलं की मी पंचांगात बघावं तसं खिडकीतून बघत होतो. म्हणून २०१६चे शस्त्र नियम मिळवले आणि चष्मा पुसून वाचले. वय २१ पूर्ण, ते कधीच झालं होतं. डॉक्टरचा दाखला, त्यात मन ठिकाणावर असल्याचाही. हत्यार वापरायचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. सुरक्षित ठेवण्याची हमी. मग पोलिसांचा अहवाल आणि मग सांगलीला विजयनगरात जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय. इथवर ठीक होतं. पण परवाना का हवा, कुणापासून धोका, ते लिहायची वेळ आली आणि मी पेन खाली ठेवलं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ज्यांना नापास केलं ते सगळे माझ्यापेक्षा बरं कमावतात आणि रस्त्यात पाया पडतात. खरं वैर म्हणावं तर चुलतभावाशी, बांधावरनं. पण त्याचं नाव सरकारी कागदावर कसं लिहायचं? दिवाळीला फराळ त्याच्याकडनंच येतो.

शिवाय आक्कानं आधीच भाव काढून ठेवला होता. गलाईवाल्याच्या घरात कुठलीही किंमत रुपयांत सांगून चालत नाही, ती तोळ्यात लागते. २०१४च्या जानेवारीत सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, अर्ध्या किलोचं, किंमत १ लाख २२ हजारांवर. दाजींनी मोठ्या हौसेनं विचारलं होतं, "घ्यायचं का तुला?" आक्कानं मनातल्या मनात भाग घातला. "म्हंजे चार तोळं. चार तोळ्याचं गंठन गळ्यात घातलं तर चोर येतोय. चार तोळ्याचं ह्ये घेटलं तर चोर जातोय. मग गंठन घ्या की, येऊ दे चोर. बघून तर जाईल."

दाजींचा कान उघडा असता तर विषय तिथंच मिटला असता.

खंडेनवमीला मात्र घरात वस्तूचा मान मोठा. पाटावर कोयता, खुरपं, विळी, आक्काचं शिलाई मशीनचं चाक आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. दाजी आदल्या दिवशी पिवळ्या फडक्यानं पुसतात, चक्र फिरवून टकटक आवाज ऐकतात, तेलाचा वास घेतात. गोळ्या वेगळ्या डबीत. मग आक्का येते आणि सगळ्यांना सारखंच हळद-कुंकू लावते. कोयत्याला जेवढं, तेवढंच ह्याला. दाजी ओरडतात, "नळीत जातंय!" आक्का म्हणते, "देवाला हळद बाधत न्हाई."

ही हळद २०२४ साली भलतीकडं गाजली. त्या वर्षी निवडणुकांचा सुकाळ होता. मार्चच्या १६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली, ती जूनच्या ६ तारखेपर्यंत. ऑक्टोबरच्या १५ तारखेला विधानसभेची. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलिसांत जमा करायचं फर्मान निघतं. कुणाची घ्यायची ते समिती छाननी करून ठरवते. ज्यांच्यावर गुन्हे आहेत, जे जामिनावर आहेत, त्यांचा नंबर पहिला. दाजींवर साधी सायकलची पावती नाही. पण यादीत आपलं नाव नसलं तर गावात काय इज्जत राहील, या काळजीनं ते स्वतःच चौकशी करून आले. नाव होतं. त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना जिलेबी आणली. विधानसभेच्या वेळी दसरा होऊन तीनच दिवस झालेले. ठाण्यात हवालदारानं वस्तू हातात घेतली, बोट पिवळं झालं, त्यानं वास घेतला आणि विचारलं, "दाजी, हळद झाली, आता लगीन कधी?"

पण त्याआधी लोकसभेच्या वेळचं सांगायचं राहिलं. वस्तू ठाण्यात, पावती घरात. आणि बरोबर तेव्हाच चोर आले.

आमच्याकडं चोर बंगल्यात येत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. बंगल्यात कॅमेरे, जाळी, दाजी. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून शिवारात ऊस आहे, विहिरीवर मोटार आहे आणि मोटारीला तांब्याची केबल आहे. माणूस घरात झोपलेला आणि केबल रानात एकटी. चोरानं कुठं जावं? सकाळी दाजी पाणी पाजायला गेले तर खटका दाबला तरी मोटार गप. बघतात तर पेटीपासून विहिरीपर्यंतची अख्खी केबल गेलेली, टोकाला फक्त कापल्याची चकाकी. सोलून तांबं काढल्याचं काळं प्लॅस्टिक चोरांनी बांधावर नीट ढीग करून ठेवलं होतं. "माणूस निर्मळ हाय," आक्का म्हणाली.

दाजी मला बरोबर घेऊन ठाण्यात गेले. तक्रार लिहून घेणारा पोरगा नवा होता. सगळं लिहून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "तुमच्याकडं परवान्याचं हत्यार आहे म्हणं?"

"हाय."

"मग रात्री कुठं होतं?"

दाजींनी त्याच्या पाठीमागच्या कपाटाकडं बोट केलं.

परतताना ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "असतं तरी काय केलं असतं म्हणा?" ते खरंच होतं. मी कायदा वाचलेला, तेव्हा दंड विधान होतं, जुलैपासून न्याय संहिता आली, पण मथितार्थ तोच. रात्री घर फोडून कुणी आत शिरला तर बचाव करताना वेळप्रसंगी त्याचा जीव गेला तरी कायदा समजून घेतो. रानातली केबल नुसती कापून नेणाऱ्याला ती सवलत लागू नाही. त्याच्यावर गोळी झाडली तर दाजीच आत. म्हणजे चोरानं आधी बंगल्यात यावं, तेही सूर्यास्त ते सूर्योदय याच वेळेत, दार फोडून, आणि ते वर्ष निवडणुकीचं नसावं. एवढं गणित जुळून आलं तर वस्तू उपयोगी.

त्या दिवाळीला माझी धाकटी लेक सुट्टीवर आली. ती कोल्हापूरला शिकते आणि नेमबाजी करते. तिथं हे खूळ नवं नाही. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत कोल्हापूरच्याच, आणि त्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणल्यापासून तर प्रत्येक घरात एक तरी पोर कागदाला भोकं पाडतंय. हिचं एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, २० ज्यूलच्या आतली ताकद, म्हणून परवाना नको आणि निवडणुकीत जमाही करायला नको. दाजींचं बत्तीस बोअर ठाण्यात हळदीसकट पडलेलं. घरात तेवढंच एक हत्यार आणि तेही पोरीचं.

दाजींच्या रिकाम्या गोठ्यात तिनं १० मीटर मोजले, भिंतीला पोती लावली, पोत्यांवर शेजारी शेजारी दोन कागद टोचले. मधला दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा. आक्का बादली पालथी घालून बसली. पोरीनं एक हात खिशात घातला, दुसरा सरळ केला, श्वास अर्ध्यावर धरला, आणि टक्. गुंडीच्या काठाला भोक. परत टक्. दाजींच्या चेहऱ्यावर गलाईवाला दुसऱ्याची भट्टी बघताना असतो तसला भाव.

"द्या इकडं," म्हणाले. आयुष्यात एवढी वर्षं परवाना बाळगलेला माणूस, पण कागदाला गोळी लावायची वेळ कधी आलेली नाही. गोळ्या मोजून मिळतात, महाग असतात आणि वाजल्या की गाव जमा होतं.

"मामा, टार्गेटकडं बघू नका. पुढची साइट लख्ख दिसली पाहिजे. टार्गेट पुसट दिसलं तर चालतंय."

दाजींनी पिस्तूल खाली केलं. "चोर पुसट? आगं मग वळखायचा कसा?"

"वळखू नका. फक्त साइट."

"आणि ती केबल नेणारा असला तर?"

"मामा, श्वास धरा."

दाजींनी श्वास धरला. पोट आत घेताना पिस्तूल वर गेलं, पिस्तूल खाली आणताना पोट सुटलं. पहिला छर्रा पोत्यात. दुसरा कुठं गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोंबडी कलकलली, पण ती तशीही कलकलते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि दातओठ न खाता, बहुधा पहिल्यांदाच मनापासून, पुढच्या साइटकडं बघितलं.

टक्.

नऊ! स्वच्छ नऊ. आक्कानं टाळी वाजवली. मी पण वाजवली. पोरगी तेवढी कागदाकडं बघत उभी.

"मामा, तो माझा कागद आहे."

"आं?"

"तुमचा डावीकडचा. दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलं की शून्य धरतात. नियमच आहे."

"शून्य कसं? लागलंय की नऊला!"

"माझ्या नऊला लागलंय."

दाजी कागदापर्यंत चालत गेले, भोकात बोटाचं टोक घालून बघितलं, माझ्याकडं वळले. तुम्ही गणिताचे मास्तर, तुम्ही सांगा, असा चेहरा. मी छताकडं बघितलं.

"शेजाऱ्याचा चोर गारद झाला म्हणायचा," आक्का बादलीवरनं म्हणाली. "त्यांनी तरी आता आपली केबल भरून द्यावी."

"गप बस तू," दाजी म्हणाले, आणि पोरीपुढं हात पसरला. "छर्रे किती हायती डबीत? सगळे हिकडं आण. आणि त्यो तुझा कागद काढ तिथनं, उगच मधी मधी येतोय."