बाय टू काका

हे काका तुमच्याही ओळखीत असणार. "मी तसा फार खात नाही," असं सांगत सांगत दिवसभर खाणारे. आमच्या वाट्याला आलेले काका म्हैसूरला बोगादीत, माझ्या घरासमोर राहतात. मूळचे कोल्हापूरचे, नोकरी सगळी सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाली. निवृत्त होऊनही इडली मोडली की आधी तिची आतली जाळी बघतात, मग ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूबद्दल चार शब्द बोलतात आणि मग तोंडात घालतात. तोवर काकूंचं खाऊन झालेलं असतं. काकू बेळगावच्या आहेत.

नवरात्र बसण्याआधीच्या शनिवार-रविवारी हे दोघं बंगळुरूला खायला जातात. फक्त खायला. लालबाग नाही, साड्या नाहीत, नातेवाईक तर नाहीतच. नातेवाईक दसऱ्यात त्यांच्याकडे येणार असतात, 750 किलोची अंबारी हत्तीवरून जाताना बघायला, पुण्याहून, ठाण्याहून आणि चक्क कोल्हापूरहून. (स्वतःचा शाही दसरा सोडून कोल्हापूरकराने आमच्याकडे का यावं हे मला उमगलेलं नाही, पण येतात.) त्यात काकूंचे नवरात्राचे नऊ उपवास. म्हणजे घरभर माणसांचा स्वयंपाक करायचा आणि आपण साबुदाणा चावायचा. "म्हणून आधी साठा करून ठेवते," असं त्या म्हणतात.

आता हे दोन दिवस नेमके पितृपक्षात येतात. गल्लीतल्या एका आजींनी त्यावर नाक मुरडलं तेव्हा काका म्हणाले, "आमच्या वडिलांचा जीव आयुष्यभर हॉटेलात अडकलेला होता. त्यांना भेटायलाच तर चाललोय."

ते गेले की झाडांना पाणी घालायचं आणि नंदिनी दुधाची पिशवी आत घ्यायची ही कामं माझी. मोबदल्यात मला दर तासाला मोबाईलवर एक फोटो येतो. अर्ध्या डोशाचा. अर्ध्या वड्याचा. अर्ध्या भरलेल्या पेल्याचा. अख्ख्या पदार्थाचा फोटो काका पाठवूच शकत नाहीत, कारण अख्खा पदार्थ त्यांच्यापुढे येतच नाही.

आमच्याकडे एक कॉफी दोघांत मागवली की तिला बाय टू म्हणतात. दोन पेल्यांत अर्धी अर्धी येते, कोणी काही वाटून घेत नाही. काकांनी या सोयीचा संप्रदाय केला. डोसा बाय टू, केसरीभात बाय टू, खाराभात बाय टू, सोडा बाय टू. त्यांचं गणित सरळ आहे: अर्धं खाल्लं की दुप्पट ठिकाणी जाता येतं, आणि डॉक्टरांनी विचारलं तर "अर्धाच खाल्ला" हे उत्तर शपथेवर देता येतं. लॉजच्या खोलीतल्या दोन उश्यांपैकी एक ते परत करायला निघाले होते असं काकू सांगतात, पण काकूंच्या सांगण्यातलंही निम्मंच घ्यावं.

गेल्या वर्षी बायको मुलांना घेऊन माहेरी गेली आणि काकांनी मला बरोबर यायचा आग्रह केला. झाडांचा प्रश्न पावसाने सोडवला. स्टेशनवर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की या संप्रदायात तिसऱ्या माणसाची सोय नाही. बाय थ्री कुठेच मिळत नाही. काकांनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "तू आपला अख्खा खा." त्यानंतर दोन दिवस ते वेटरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना माझी ओळख करून देत होते: हा आमचा शेजारी, हा अख्खा खातो.

वंदे भारतने जाऊ, असं मी सुचवलं होतं. "ती मद्दूरला थांबते का?" काकांनी विचारलं. नाही थांबत. मग सकाळची चामुंडी एक्सप्रेस. मद्दूरचा वडा गाडीत चढतो, चपटा, तांबूस, कांद्याचा, रव्यामुळे चांगला खडखडीत. 1917 च्या सुमाराला स्टेशनवरच्या एका विक्रेत्याने घाईच्या प्रवाशांसाठी भजी चपटी थापून तळली आणि हा वडा झाला, असं सांगतात. 2023 मध्ये नवा एक्सप्रेसवे झाला आणि मद्दूर, रामनगर, चन्नपट्टण ही थांबायची गावं बाजूला पडली. मोटारी आता वड्याच्या वासाच्या पलीकडून जातात. काका त्यावर हळहळले, आणि हळहळतानाच त्यांनी वडा मोडला. मद्दूर वडा कधीही मधोमध मोडत नाही. मग मोठ्या तुकड्याचा कोपरा, त्या कोपऱ्याचा कोपरा अशी समानता प्रस्थापित होईपर्यंत बिडदी आलं. मी माझा वडा केव्हाच संपवून खिडकीबाहेर बघत होतो. "भूक होती वाटतं," काका म्हणाले.

बंगळुरूत उतरल्या उतरल्या शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार. 1965 पासूनचं दुकान, पदार्थ मोजके, सांबार नाहीच. फूटपाथवर उभं राहून खायचं आणि ताटली पुढे केली की चटणीवाला पुन्हा वाढतो. चटणीला बाय टू लागत नाही, त्यामुळे काकांनी ती अख्ख्या माणसाला लाजवेल इतकी घेतली. तिथून गांधी बाजारात विद्यार्थी भवन. 1943 सालचं. भिंतींवर कन्नड लेखकांची चित्रं, बाहेर नाव पुकारलं जाईपर्यंत ताटकळणारी गर्दी, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत डोशांच्या ताटल्या रचून येणारा वेटर. एवढ्या रचलेल्या डोशांतून काकांनी एक मागितला आणि वर दोन बोटं दाखवली.

या दोन बोटांनी त्यांना अनेकदा दगा दिला आहे. दोन बोटं म्हणजे बाय टू, असं काकांना वाटतं. दोन बोटं म्हणजे दोन, असं बाकीच्या जगाला वाटतं. त्या दिवशी दुपारी एका गर्दीच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, दोन बोटं वर गेली आणि दोन अख्खे डोसे आले. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. परत करता येईना, टाकवत तर नाहीच. शेवटी त्यांनी आपला डोसा अर्धा करून काकूंना दिला, काकूंनी आपला अर्धा करून त्यांना दिला आणि मन शांत झाल्यावर दोघं जेवले.

एमटीआरमध्ये मात्र त्यांची कोंडी होते. 1924 साली सुरू झालेलं हे घराणं, युद्धकाळात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली करून बघणारं. इथे काका आवाज खाली आणतात. पण थाळी ही बाय टू होत नाही, कुठेच होत नाही. म्हणून थाळी हा प्रकार काकांच्या मते असंस्कृत आहे. "माणसाला एकटं पाडतं ते जेवण," ते म्हणाले. मग त्यांनी रवा इडली मागवली. त्यातला काजू बरोबर मध्यभागी होता. तो कापताना त्यांनी जी एकाग्रता दाखवली ती पाहून शेजारच्या टेबलावरच्या मुलानं खाणं थांबवलं.

खरा विजय संध्याकाळी मिळाला. व्ही. व्ही. पुरमच्या तिंडी बीदीत, म्हणजे खाऊगल्लीत, होळिगे आणि डोशांच्या धुरातून काका आम्हाला खेचत व्हीबी बेकरीकडे घेऊन गेले आणि तिखट शेंगदाण्यांचं पुडकं मागितलं. या शेंगदाण्यांना बंगळुरूत काँग्रेस म्हणतात. 1969 मध्ये लालबागेच्या काचघरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि त्याच वर्षी पक्ष फुटला. तेव्हापासून मधोमध फुटलेल्या दाण्याला हे नाव पडलं, अशी कथा आहे. काकांनी एक पाकळी उचलून दिव्यासमोर धरली. "बघ. निसर्गानंच बाय टू करून ठेवलंय." मग पुडक्यातल्या पाकळ्या ते आणि काकू एकाआड एक खात गेले, आणि मला त्यांनी मूठभर दिल्या. अख्खा माणूस म्हणून.

रविवारी सकाळी जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल. नाव वाचूनच काकांची छाती फुगते. बंगळुरूतली बरीच जुनी मिलिटरी, म्हणजे मांसाहारी, हॉटेलं मराठा कुटुंबांनी काढली. शहाजीराजांना विजापूरकडून बंगळुरूची जहागीर मिळाली होती, ते आणि त्यांचं लष्कर इथे राहिलं, त्या आठवणीशी या खानावळींचं नातं जोडतात. "म्हणजे बिर्याणी आपलीच," काका म्हणाले, आणि आपल्याच बिर्याणीतले मटणाचे तुकडे मोजायला लागले. विषम निघाले. शेवटचा तुकडा काकूंच्या पानात गेला.

इथे मला नाइलाजाने एक गोष्ट नोंदवावी लागेल. ती आदल्या दिवशी माझ्या लक्षात आली होती, पण मी चिडलेलो असल्यामुळे तिकडे दुर्लक्ष केलं. तुकडे विषम निघाले की शेवटचा नेहमी काकूंचा. डोसा मोडताना काका बटाट्याची भाजी काट्याने काकूंच्या बाजूला लोटतात. कॉफीचे दोन पेले आले की फेस ज्यात जास्त, तो सरकवतात. आणि इतकं सगळं करून "मी काटेकोर निम्मं करतो" असा दावाही करतात. सीएफटीआरआयच्या माणसाचं मोजमाप इतकं चुकेल यावर माझा विश्वास नाही.

दुपारी काका लॉजवर झोपले. पाच मिनिटांत काकूंनी माझ्या दारावर टकटक केली. "चल, मल्लेश्वरमला जाऊन येऊ." मॅजेस्टिकहून मेट्रोचं पुढचं स्टेशन, मग रिक्षा. मार्गोसा रोडवरच्या सीटीआरमध्ये काकूंनी बेण्णे मसाला मागवला. लोणी सोडलेला, बाहेरून लालबुंद, आतून मऊ. मी सवयीने विचारलं, "बाय टू?"

"अख्खा," काकू म्हणाल्या.

डोसा आला. काकू एका कडेपासून निघाल्या आणि दुसऱ्या कडेपर्यंत गेल्या. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग चटणीची वाटी बोटाने पुसून म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा यांचा पगार बाय टू करण्याएवढाच होता. शनिवारी सायकलवरून देवराज मार्केटला जायचो, एक डोसा घ्यायचो. पुढे पगार वाढला. डोसा तेवढाच राहिला."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? त्यांना वाटतं मला आवडतं." थोडं थांबून म्हणाल्या, "आवडतंही. पण वर्षातून एकदा भूकही लागते."

मग त्यांनी वेटरला हाक मारली आणि कॉफी सांगितली. तोंडातून बाय टू कधी निघून गेलं ते त्यांनाही कळलं नाही. दोन अर्धे पेले आले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या, हसल्या, आणि ज्यात फेस कमी होता तो माझ्यासमोर ठेवला.

संध्याकाळच्या गाडीत काका खिडकीशी, काकू त्यांच्या शेजारी. केंगेरी गेलं तेव्हा काकांनी श्वास आत ओढला. आयुष्यभर अन्नाचे वास ओळखण्याचाच पगार घेतलेला माणूस.

"लोणी," ते म्हणाले. "सीटीआर."

काकूंनी पदर सारखा केला.

"अख्खा?"

"अख्खा."

बिडदीपर्यंत कोणी बोललं नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत लहान होत होतो. रामनगरच्या आसपास काका वळले, डोळे मिटून मागे टेकले आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग. कड कशी होती?"

काकूंनी सांगायला सुरुवात केली. कड, मग रंग, मग लोणी आधी सोडलं होतं की उलटल्यावर, चटणी घट्ट होती की सैल, भाजीत कांदा किती. काका मध्येच थांबवून विचारत, काकू मागे जाऊन पुन्हा सांगत. चन्नपट्टण गेलं तरी ते बटाट्यापर्यंतच आले होते. मद्दूरला वडेवाला चढला, डब्यातून दोनदा ओरडत फिरला, आमच्या बाकाशी थांबला. दोघांपैकी कोणी वरही बघितलं नाही. मी एक घेतला. अख्खा.