काकूंच्या धाकटीची नोकरी

"अगं, कढीपत्ता हवा का? बराच फुटलाय," म्हणत काकू कुंपणाशी आल्या, तेव्हाच ओळखलं की बातमी कढीपत्त्याची नाही. डहाळी माझ्या हातात पडायच्या आत खरी बातमी आलीच.

"धाकटीला कॅम्पसमधूनच उचललं. कन्सल्टिंग फर्म! पगाराचा आकडा ऐकून हे चहा प्यायचे विसरले. तुझा भाऊ होता ना त्यात? ही मुलं तिथे नेमकं करतात काय?"

"सल्ला देतात, काकू."

"तो मीही देते. मला कोण पैसे देतं?"

म्हटलं, तुमचा फुकट असतो, म्हणून कुणी ऐकत नाही. मालकाला त्याचाच मॅनेजर वर्षानुवर्षं जे सांगत असतो, तेच बाहेरच्या पोरानं पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं की पटतं. माणसं कमी करायची असली, तर 'कन्सल्टंट म्हणाले' म्हणायचीही सोय होते.

"म्हणजे वाईटपणा घ्यायला भाड्यानं माणूस!" काकूंनी एका वाक्यात निकाल लावला.

तसंच सगळं नसतं, हेही सांगितलं. भाऊ आधी सिमेंट कारखान्यात, मग बँकेत, मग औषध कंपनीत, असे काही काही महिने राहिला. एवढे धंदे आतून बघायला एरवी जन्म पुरला नसता. एक्सेलमध्ये हिशेब मांडणं, पन्नाशीच्या साहेबाला न बिचकता प्रश्न विचारणं, तासाभराचं बोलणं एका स्लाइडवर बसवणं, सगळं तिथेच शिकला. आपल्या सल्ल्याचं पुढे काय झालं, ते मात्र त्याला क्वचितच कळायचं. अहवाल दिला, बिल लावलं, चालले पुढच्या गावी.

"घरी कधी असायचा?"

सोमवारी पहाटे लोहगावहून विमान, गुरुवारी रात्री परत. विमान ऐकून काकूंचा चेहरा खुलला, म्हणून रात्री एकचे फोनही ऐकवले: पार्टनरला सकाळपर्यंत स्लाइड बदलून हव्या. यातली गोम अशी की फर्म क्लायंटला बिल लावते ते माणसांच्या दिवसांचं. वर पार्टनर मोजके, खाली पोरांची फौज. ती फौज जितकी राबेल तितका नफा. काम नसलं की 'बेंच'वर बसायचं, तर त्याचीही धास्ती.

"आणि काकू, क्लायंटचं नाव घरीसुद्धा सांगायचं नाही हं."

हा घाव त्यांना खरा लागला. "आईलाही नाही?"

"नाही. कोलकात्याचे रजत गुप्ता माहीत आहेत? १९९४ पासून नऊ वर्षं मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्मचे जगभरातले प्रमुख. पुढे गोल्डमन सॅक्स या बँकेच्या संचालक मंडळातली बातमी फोडली म्हणून २०१२ साली अमेरिकेत दोषी ठरले, तुरुंगात गेले."

"अगं बाई! मग नकोच ती नोकरी."

काकू अशा. मघाशी पेढे, आता राजीनामा. म्हटलं, नको कशाला? नोकरी म्हणून जाऊ नये, शाळा म्हणून जावं. इंद्रा नूयी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये होत्या, ती फर्म सोडून पुढे पेप्सिकोच्या प्रमुख झाल्या. सुंदर पिचाई मॅकिन्झीतून २००४ साली गूगलमध्ये गेले. या फर्मांचा रिवाजच आहे, ठरावीक वर्षांत वर चढा, नाहीतर बाहेर पडा. बाहेर काढतानाही गोडीत काढतात, कारण आज गेलेला माणूस उद्या कुठल्याशा कंपनीत मोठा होऊन काम यांनाच देणार असतो. भांडून कसं चालेल?

"पण सोडून जायला होतं का गं? एवढा पगार..."

खरा सापळा तिथेच. हातात पैसा, खर्चायला वेळ नाही, मग माणूस मोठाली घरं घेतो आणि हप्त्यांसाठी नको असलेली नोकरी रेटत बसतो. भावाचे कितीतरी मित्र असे अडकले.

काकू गप्प. मग कुंपणावर वाकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांनी कालच बाणेरच्या बिल्डरला फोन केलाय. तीन बेडरूमचा फ्लॅट. धाकटीच्या नावावर कर्ज काढायचं म्हणतात."

काकू, आज संध्याकाळीच काकांना थांबवा. पोरगी दोन-तीन वर्षं शिकू दे, फिरू दे, पैसे साठवू दे. फ्लॅट तिचा ती नंतर घेईल.