सिंहस्थ आणि सेन्सर

गुरू सिंह राशीत शिरला की नाशिककरांना गोदावरीचे वेध लागतात आणि तमिळनाडूतल्या कुंभकोणमकरांना महामहमच्या तळ्याचे. ग्रह एकच, आंघोळी दोन. नाशिकची 2015 मध्ये झाली, कुंभकोणमची 22 फेब्रुवारी 2016 ला. तिथली पुढची आता 2028 मध्ये. मधल्या काळात तळं आपलं शांत असतं. काठावर गोविंद दीक्षितरांनी बांधवलेले सोळा मंडप, पायऱ्यांवर गप्पा छाटणारे पेन्शनर. बारा वर्षांनी म्हणायचं खरं, पण गुरूला एका फेरीला 11.86 वर्षंच लागतात. त्यामुळे पंचांगवाल्यांना अधूनमधून एक वर्ष गिळावं लागतं.

म्हणजे हे वेगमापनच झालं. फिरणाऱ्या वस्तूची एक खूण धरायची आणि ती पुन्हा समोर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कुंभकोणमच्या बाहेर, विक्रवांडी–तंजावर चौपदरी रस्त्याच्या कामावर, आमच्या दाजींच्या ताब्यातला, रस्ता सपाट करणारा एक ग्रेडर नेमकं एवढंच जमत नाही म्हणून रुसून बसला होता. पंधरा-सोळा टनांचं धूड! इंजिन ठणठणीत, टायर नवे, पातं धारदार. पण दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव घेईना. आणि दिवस कोणता, तर दसऱ्याचा. ऐन सीमोल्लंघनाला.

कारण काय, तर आपला वेग किती हेच त्याला कळेना. अशा मशीनच्या ट्रान्समिशनमध्ये बोटाएवढा एक सेन्सर असतो. आत फिरणाऱ्या दातेरी चाकाकडे तोंड करून बसायचं आणि समोरून गेलेला प्रत्येक दात मोजायचा, एवढंच त्याचं काम. चाक साठ दातांचं असेल तर हिशेब फारच सोपा: सेकंदाला जितके ठोके, तितके मिनिटाचे फेरे. यात दोन जाती. दोन तारांचा असतो त्यात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं. दात पुढून गेला की तो स्वतःच थोडी वीज तयार करतो. तीन तारांच्याला बाहेरून वीज पुरवावी लागते, पण मग तो रांगणारं चाकही ओळखतो. दोन तारांच्याचं तसं नाही. चाक फार हळू फिरलं तर त्याची वीज इतकी क्षीण होते की कंट्रोलरच्या हिशेबी ते थांबलेलंच. गुरूसमोर हा सेन्सर बसवला असता तर महामहम कधी भरलाच नसता.

कंट्रोलर म्हणजे जुन्या वाड्यातली आजी. इंजिनाला विचारणार, तू किती फिरलास? आत जाणाऱ्या शाफ्टला विचारणार, मग बाहेर येणाऱ्याला. तिघांच्या उत्तरांचा गिअरच्या प्रमाणाशी मेळ बसला नाही की कुणालाच बाहेर सोडायचं नाही. ती तक्रार लिहून ठेवते, तिला कोड म्हणतात. कोडचे दोन भाग असतात, तक्रार कुणाची आणि कसली. पडद्यावर 191 होता, म्हणजे बाहेर जाणाऱ्या शाफ्टचा वेग. पुढे 5 असता तर सर्किट कुठेतरी तुटलंय, 8 असता तर ठोक्यांची लय बिघडलीय. इथे होता 2: आकडा येतो, पण भरवशाचा नाही.

आता 191 दिसला की सेन्सर बदलायचा, ही साइटवरची सर्वमान्य पद्धत. तो दोन बोल्टांत निघतो, हाच त्याचा गुन्हा. रामानुजन याच कुंभकोणमात शिकले. आधी उत्तर लिहायचं, सिद्धतेचं नंतर बघू, ही त्यांची रीत इथल्या वर्कशॉपांनी तंतोतंत उचलली आहे. फक्त रामानुजनांची उत्तरं बहुतेक बरोबर निघायची. चेन्नईहून नवा सेन्सर मागवला गेला.

तो येईपर्यंत दाजी मला दारासुरमला घेऊन गेले. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ तिथे आहे. त्याचा पुढचा मंडप म्हणजे दगडी रथ, चाकं लावलेला, घोडे जुंपलेला. दाजी बराच वेळ त्या चाकाकडे टक लावून उभे राहिले. मला वाटलं, शिल्प बघतायत. तर म्हणाले, ‘‘आठशे वर्षं आउटपुट शून्य, आणि एक कोड नाही बघा.’’ परतताना पितळी डबऱ्यातून डिग्री कॉफी प्यायलो. कॉफी गार करायला ती वरून खाली ओतणाऱ्या माणसाचा हात इतका एकसारखा चालतो की तोही मोजून घ्यावा.

नवा सेन्सर बसला, कोड पुसला, ग्रेडर जेमतेम फर्लांगभर गेला आणि 191 परत हजर. मग कुजबुज सुरू झाली की आतला क्लच घसरत असणार. ही शंका खुळचट नव्हती. क्लच घसरला तरी आजीबाईंचं गणित असंच चुकतं. पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे लाखांचा खर्च, आणि काम ठप्प. दाजींचा चेहरा उतरला.

तेव्हा तंजावरहून एक वयस्क मेस्त्री आले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. ऑपरेटरला म्हणाले, ‘‘चालव, आणि मीटरकडे बघ.’’ मीटर बारावरून टपकन शून्यावर, परत बारावर. मेस्त्री हसले. ‘‘सार, एवढं वजन पापणी लवायच्या आत थांबतं का? थांबलं असतं तर हा काचेतून बाहेर पडला असता. क्लच घसरला तर आकडा सरकतो, असा उड्या मारत नाही.’’ तेवढ्या एका वाक्यानं गिअरबॉक्स वाचला. ऑइलचं प्रेशर गेजवर बघितलंच त्यांनी, ते बरोबर होतं, पण मला वाटतं निकाल आधीच लागला होता.

मग मल्टिमीटर निघाला. काढून ठेवलेल्या जुन्या सेन्सरच्या वेटोळ्याचा रोध मोजला. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत भरला. त्याच्या टोकाला राखाडी मऊ लेप होता. चुंबक आहे म्हटल्यावर तेवढा कीस चिकटायचाच. बोटाला टोचणारे तुकडे असते तर काळजी. पुढे त्यांनी इग्निशन चालू ठेवून, इंजिन बंद, एकेक वीत वायरिंग हातानं हलवत नेलं. सेन्सरजवळच्या कनेक्टरपाशी आल्यावर पडद्यावरचा आकडा थरथरला. कनेक्टर उघडला. आतून पाण्याचा एक थेंब ओघळला आणि दोन पिनांपैकी एक हिरवीगार.

आता पाणी कुठून आलं? तर खंडेनवमीचं. तमिळनाडूत त्या दिवशी आयुधपूजा. रिक्षापासून रोलरपर्यंत सगळं घासूनपुसून धुतात, चंदन-कुंकवाची बोटं ओढतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात. ऑपरेटरनं दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रेशर पंप लावून ग्रेडरला अभ्यंगस्नान घातलं होतं, सांदीकोपऱ्यासकट. भक्तीत काही कसर नव्हती. मेस्त्री पिन निरखत म्हणाले, ‘‘एका रात्रीत इतकी हिरवी होत नाही. हे मागच्या वर्षीच्या पूजेपासूनचं आहे.’’

ऑपरेटर ओशाळला. दाजी त्याच्यावर चिडलेही असते, पण पूजेचा कोहळा त्यांच्याच हस्ते फुटला होता. पिना साफ झाल्या, खराब झालेली नवी घातली, कनेक्टरचं रबरी सील बदललं. ग्रेडर तिसऱ्यात गेला, चौथ्यात गेला, आणि साइटवर पुन्हा धूळ उडू लागली.

पुढच्या खंडेनवमीला म्हणे दाजींनी फर्मान काढलं: धुण्याआधी प्रत्येक कनेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, आणि पंपाचा फवारा तिथे मारायचा नाही. ऑपरेटरनं ते शब्दशः पाळलं. मग चंदन-कुंकवाची वाटी घेऊन ग्रेडरभोवती फिरला आणि सेन्सरपाशी आल्यावर पिशवीवरच बोट टेकवलं.